‘काही’ दिसलं की डोळे झाका?

पोलीस भरतीच्या पेपरात दोन विधानं देतात आणि खालच्या दोन निष्कर्षांपैकी त्यांतून कोणता नक्की निघतो ते विचारतात. उत्तरांत एक पर्याय ‘किंवा’ असतो: दोघांपैकी एक नक्की खरा, पण कोणता ते सांगता येत नाही. या प्रश्नांवर आमच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: ‘विधान-निष्कर्षाला वर्तुळं काढू नका, वेळ जातो. तीन ट्रिक पाठ करा. दोन्ही विधानांत "काही" असेल तर डोळे झाकून "एकही निष्कर्ष निघत नाही". "काही" म्हणजे "सगळे नाही". एक निष्कर्ष होकारी, एक नकारी आणि दोन्ही निघत नसले, की "किंवा".’ दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी अभ्यासाला बसणारे पोट्टे हे वहीत उतरवून घेतात, म्हणून लिहितो.

पहिली ट्रिक अर्धी खरी आहे, म्हणूनच घात करते. काही बैल पांढरे प्राणी आहेत. काही पांढरे प्राणी बकऱ्या आहेत. यातून बैल-बकरीचं नातं ठरत नाही, कबूल. पण निष्कर्षात ‘काही पांढरे प्राणी बैल आहेत’ असं आलं तर? ते पहिलंच विधान उलटं केलेलं, निघतंच. आणि ‘काही बैल बकऱ्या आहेत’, ‘एकही बैल बकरी नाही’ अशी जोडी आली, तर उत्तर ‘किंवा’. म्हणजे पहिली ट्रिक तिसरीच्याच आड येते, अन् मेसेजवाल्याला पत्ता नाही.

‘सर, बैल कधी बकरी असते काय?’ पेपरात असू शकते, बापू. विधानात लिहिलं तेवढंच जग.

तिसरीत नुसतं होकारी-नकारी पुरत नाही. ‘गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या’, ‘गावातली एकही विहीर आटली नाही’. एप्रिलात आमच्याकडे निम्म्या आटतात. दोन्ही वाक्यं खोटी. ‘किंवा’साठी शब्द तेच हवेत आणि जोडी ‘काही आहेत, एकही नाही’ किंवा ‘सगळे आहेत, काही नाहीत’ अशी.

दुसरी तर बोलीतली सवय. पारावर ‘काही पोट्टे पास झाले’ म्हटलं की बाकीचे गेले असं आपण धरतो. पेपरात ‘काही’ म्हणजे निदान एक, सगळेही चालतात. म्हणून ‘सर्व बैल जनावरं आहेत’ यातून ‘काही बैल जनावरं आहेत’ निघतं. (तर्कशास्त्राचे प्राध्यापक इथं ‘जगात बैलच नसतील तर?’ अशी रिकाम्या गटाची शंका काढतात. भरतीच्या पेपरात काढू नका.)

राहिला वेळ. पोलीस भरतीच्या लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, एकाला ५४ सेकंद. तर्कशास्त्रज्ञ जॉन वेननं १८८० साली मांडलेली वर्तुळं काल एका पोरीनं कृषी केंद्राच्या बिलामागे काढली. बैल-बकरीची वर्तुळं एकदा एकमेकांत घुसवली, एकदा लांब ठेवली. दोन्ही चित्रं विधानांत बसली. तिनं ‘किंवा’वर टिक केली तेव्हा चाळीस सेकंद झाले होते.