इथली बरी आहे, पण…

मला सकाळी भूक लागते. चारचौघांत हे सांगायला एरवी हरकत नसावी, पण आमच्या खवय्यांच्या टोळीत ती सोय नाही. भूक लागली म्हणून खाणारा माणूस त्यांच्या लेखी अगदीच प्राथमिक अवस्थेतला. खरा खवय्या घरून दोन पोळ्या खाऊन निघतो, म्हणजे मग चवीकडे नीट लक्ष देता येतं.

या टोळीत मी लग्नामुळे आलो. माझे साडू हे पुण्यातले नामांकित खवय्ये, निदान त्यांच्या ओळखीच्या लोकांत तरी. मी मूळचा ठाण्याचा. पहिल्या भेटीत नोकरी, शिक्षण, घर भाड्याचं की स्वतःचं, यातलं काही न विचारता ते म्हणाले, “ठाणे का? म्हणजे मामलेदार!” मामलेदार कचेरीत आमचं कुणी नोकरीला नव्हतं. क्षणभराने लक्षात आलं, की हे कचेरीला चिकटून असलेल्या मिसळीबद्दल चाललंय. मी हो म्हणालो. लगेच पुढचा प्रश्न आला, “तिखट घेता की मीडियम?” मी खरं ते सांगितलं. मीडियम. तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत माझी जी पायरी ठरली ती आजतागायत बदललेली नाही.

पुढे कळलं की या मंडळींना माणसं गावावरून नव्हे, गावातल्या हॉटेलावरून ओळखायची सवय असते. साताऱ्याचा म्हटलं की कंदी पेढे, बेळगावचा म्हटलं की कुंदा, नागपूरचा म्हटलं की तर्री-पोहे. आमच्या सोसायटीत एक निवृत्त न्यायाधीश राहायला आले. कोल्हापूरचे. साडूंनी लिफ्टमध्ये त्यांना गाठलं आणि “फडतरे मिसळ की बावडा मिसळ?” असं विचारलं. आयुष्यभर निकाल दिलेला माणूस, पण चौथा मजला येईपर्यंत त्यांना निकाल देता आला नाही.

टोळीचा नियमित कार्यक्रम रविवार सकाळचा. साडू, तळमजल्यावरचे काका (जन्म सदाशिव पेठ, बदली नाही), साडूंच्या ऑफिसातला एक कोल्हापूरकर, एक नाशिककर आणि अंगणवाडीतल्या पोरासारखा मागून चालणारा मी. कुठे जायचं याची बैठक शनिवारी रात्री फोनवर सुरू होते. प्रत्येक सूचनेवर उत्तर तयार असतं. मुंजोबाच्या बोळात जाऊ या? रांग असेल. तुळशीबागेत? पार्किंग नाही. फर्ग्युसन रस्त्यावर ‘वैशाली’त? लगेच काका सांगतात की तिला पूर्वी ‘मद्रास हेल्थ होम’ म्हणत. हे ते दर वेळी सांगतात आणि त्यानंतर काही क्षण कुणी काही बोलत नाही, त्यामुळे ‘वैशाली’ बाद होते. मग साडू आवाज खाली आणून म्हणतात, “एक जागा आहे. बोर्ड नाहीये.”

बोर्ड नाही म्हटल्यावर विषय संपतो. बोर्ड असलेलं हॉटेल कुणालाही सापडतं. त्यात कसलं आलंय कर्तृत्व! अशा जागेचा पत्ता देवांवरून सांगतात. जिलब्या मारुतीवरून आत, मग डावीकडे, मग एका वाड्याचं फक्त दार शिल्लक आहे, त्या दारातून मागे. आम्ही तिथे पोचलो तेव्हा एक मुलगा पातेलं घासत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, “संपली.” अजून नऊही वाजले नव्हते. पोटात आग पडलेली असताना मला वाटलं आता तरी समोरच्या उडप्याकडे जाऊन इडली खाऊ. पण साडूंचा चेहरा समाधानाने फुललेला. “बघितलंत?” ते म्हणाले, “संपते.” त्या जागेबद्दल त्यांनी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. मिसळ मिळाली असती तर एवढं सांगितलं नसतं.

शेवटी जिथे गेलो तिथे रांग होती. पुण्यात मिसळीची रांग दाराबाहेर संपत नाही, ती आत येऊन खाणाऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहते. आपण कुणाच्या तरी मानेमागे उभे, आपल्या मागे आणखी कुणी, आणि बसलेल्याच्या ताटलीत काय उरलंय यावर सगळ्यांची नजर. बसलेलाही वस्ताद असतो. मागे माणसं आहेत हे कळलं की तो शेवेची एकेक काडी बोटाने गोळा करायला लागतो, चहा मागवतो, मोबाइल काढतो. “झालं का तुमचं?” असं विचारायची पद्धत नाही, नुसतं खाकरायचं.

एकदाचं बसलो. मिसळ आली. तळाला मटकीची उसळ, तिच्यावर पोहे, बटाट्याची भाजी, मग शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि शेजारच्या वाटीत रस्सा, वर लालभडक तवंग. मी चमचा उचलला.

“थांबा!” साडू म्हणाले.

फोटो. आधी वरून, मग बाजूने, मग काकांचा हात मध्ये आला म्हणून पुन्हा. त्यानंतर तपासणी. साडूंनी वाटी तिरकी करून तवंग एका कडेला आणला आणि उजेडात धरला. मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून कट वर तरंगतो आणि खालचा रस्सा त्या मानाने सभ्य असतो. इथवर मलाही मान्य आहे. पण त्या कटाच्या जाडीवरून मसाला कधी भाजला, खोबरं कुठलं आणि आचाऱ्याची मनःस्थिती काय होती, हे त्यांना समजतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग ते वाक्य आलं, ज्याची मी रस्ताभर वाट बघत होतो.

“इथली बरी आहे, पण…”

या ‘पण’नंतर माझा नाश्ता संपतो, म्हणजे सुरू न होताच संपतो. कारण आता समोरच्या मिसळीकडे कुणी बघणार नसतं. आता बोलणं होणार ते दुसऱ्या मिसळीबद्दल, जी इथे नाही, या गावात नाही, आणि बहुतेक वेळा हयातही नाही.

“ह्याला मिसळ म्हणत्यात व्हय?” कोल्हापूरकराने दार उघडून दिलं. “भावा, आमच्याकडं आजारी माणसाला असली देत्यात. वर पोहे? मिसळीत पोहे घालून काय मुंज करायची हाय?”

“गोडा मसाला म्हणजे गोड नव्हे, हे तुमच्या लोकांना एकदा शिकवायला हवं,” काका म्हणाले. “जीभ भाजली की चव समजते, हा तुमचा समज आहे.”

“पापड नाही, दही नाही, नंतर जिलबी नाही,” नाशिककर स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. “आमच्याकडे मळ्यात बसून खातात. चुलीवरची. मोकळी हवा, समोर द्राक्षाची बाग…”

“मिसळ खायची हाय का बागाईत बघायची हाय?”

एव्हाना माझी शेव नरम पडायला लागली होती. शेव-फरसाण रश्शात पडलं की कुरकुरीत राहण्याची मुदत फार थोडी असते. पहिले चार घास हीच मिसळ. पुढे नुसता लगदा. हे या तज्ज्ञांपैकी प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येकाने ते मला केव्हा ना केव्हा, माझी शेव नरम होत असताना, समजावून सांगितलेलं आहे. मी हळूच एक घास घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरा घास मोठा घेतला, तो नेमका कटाचा होता. डोळ्यांत पाणी आलं. तांब्याभर पाणी प्यायलो, त्याने फक्त जाळ तोंडात सगळीकडे समान वाटला गेला. यावर उपाय दही किंवा ताक हे मलाही ठाऊक आहे. मी पोऱ्याला ताक आहे का म्हणून विचारलं. काकांनी मान दुसरीकडे वळवली. साडू पोऱ्याला म्हणाले, “ते ठाण्याचे आहेत.”

वाद रंगला की लंडनचा विषय निघतोच. 2015 साली दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला लंडनमध्ये जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला. एरवी एकमेकांचा पाव हिसकावून घेतील अशी ही तिघं त्या एका मुद्द्यावर सख्ख्या भावांसारखी एक होतात. “मुंबईला?” नाशिककर विचारतो. “लंडनच्या माणसाला मिरची बघूनच घाम फुटतोय, त्यो काय सांगणार?” कोल्हापूरकर म्हणतो. “देण्याआधी पुण्यात येऊन विचारायला हवं होतं,” काका म्हणतात. काकांना जवळच्या पोस्टाचा पत्ता विचारला तरी ते सांगत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मला सर्वांत भीती वाटते ती ‘पूर्वी’ची. पूर्वीच्या चवीशी भांडता येत नाही, कारण ती कुणालाच दाखवता येत नाही. हॉटेलाची चव गेली हे निदान ठरलेलं. कारणं तेवढी बदलतात. मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागला. तेल बदललं. पितळेची पातेली जाऊन स्टीलची आली. आणि सर्वांत मोठं पाप म्हणजे दुसरी शाखा काढली. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हा बोर्ड साडूंना वेदवाक्यासारखा. त्यांच्या आवडत्या एका हॉटेलाने उपनगरात शाखा काढली तेव्हा त्यांनी काही दिवस जवळपास सुतक पाळलं होतं. चितळ्यांनी दुपारी 1 ते 4 दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, त्या बातमीनेही ते असेच गप्प झाले होते. सोय झाली ना, असं मी म्हणालो. “सोयीसाठी कोण जातं चितळ्यांकडे?” ते म्हणाले. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

कुठलं दुकान कधी सुरू झालं याची सनावळी मात्र साडूंची पक्की. मामा काणे 1910, गुडलक 1935, बेडेकर 1948, कयानी 1955, दादर स्टेशनबाहेरचा वडापाव 1966. झोपेतून उठवून विचारा. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस त्यांना बायकोकडून, म्हणजे माझ्या मेहुणीकडून कळतो, तोही ती संध्याकाळी साडी बदलून बाहेर आली की.

खाण्याच्या जागी हे सगळं चालतं ते चालू दे. पण मागे सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नाना पलंगावर, हाताला सलाईन, उशाशी पाटी: तोंडाने काहीही देऊ नये. साडू आले, दारातच चपला काढल्या, नानांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, “नाना, हॉस्पिटल मात्र मस्त ठिकाणी निवडलंत. मागच्या गल्लीत तो भजीवाला आहे.” मामेसासरे म्हणाले, कांदाभजीवाला ना? साडू म्हणाले, कांदाभजी ठीक, पण घोसाळ्याची खा. तिसरा कुणी भेटायला आलेला, त्याचं आमच्याशी नातं काय हे मला अजून कळलेलं नाही, तो म्हणाला की तेल पहिलं असेल तरच. चर्चा तापली. नानांनी अर्धवट गुंगीत डोळे उघडले. आम्हाला वाटलं पाणी हवं असेल. मी वाकलो. नाना पुटपुटले, “मिरची… मिरची चांगली तळतो तो.”

आवाज ऐकून नर्सबाई आत आल्या. पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, पेशंटसमोर खाण्याच्या गोष्टी बंद, सगळ्यांनी बाहेर व्हा. आम्ही खाली मान घालून निघालो. दार लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, “आणि मागच्या गल्लीत नका जाऊ. कोपऱ्यावरचा बघा. चटणी वेगळी देतो.”

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी धो-धो पाऊस होता. टोळीचा बेत रद्द झाला आणि मेहुणीने आम्हाला सगळ्यांना घरीच नाश्त्याला बोलावलं. आदल्या दिवशी मटकी भिजवून मोड आणलेले. मसाला तिने स्वतः भाजलेला, दारातच खोबऱ्याचा वास येत होता. तिने फरसाण वेगळं ठेवलं होतं, ज्याचं त्याने आयत्या वेळी घालायचं. मी घातलं, आणि कुणी थांबवायच्या आत खाल्लं. काय सांगू? तिखट होती, पण घसा सोडून बोलणारी. दुसरा पाव कधी घेतला ते कळलं नाही. काका कोथिंबिरीवरसुद्धा काही बोलले नाहीत. कोल्हापूरकर खाली मान घालून खात होता आणि मध्येच फक्त “ह्ह” असं काहीतरी म्हणाला. त्याच्या भाषेत ते मानपत्र असावं.

मेहुणी पदराला हात पुसत नवऱ्यासमोर उभी राहिली.

“कशी झालीये?”

साडूंनी वाटी तिरकी केली. कट एका कडेला आणला. खिडकीच्या उजेडात धरला. माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. मी चमचा खाली ठेवला.

“बरी आहे,” साडू म्हणाले, “पण कोल्हापूरला उद्यमनगरात…”

मेहुणीने पुढचं ऐकलं नाही. तिने ती वाटी, ती ताटली आणि न मोडलेले दोन पाव उचलले आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवले.

“भावोजी, ही तुम्ही घ्या. ह्यांना कोल्हापूरला जायचंय. स्वारगेटहून एसटी मिळेल अजून.”

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी फरसाणाचा डबा ओढला आणि मेहुणीला म्हटलं, “ताक असेल तर वाटीभर द्या.”