कोणी बघत नसतं? तुळशीबागेत या एकदा

एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतीये, "पब्लिकमध्ये व्हिडिओ करायची लाज वाटते? कोणीही तुमच्याकडे बघत नसतं, 'मी शांत आहे' म्हणा, थेट गर्दीत उतरा, 21 दिवसांत भीती गायब."

कोणी बघत नाही म्हणे. मी तुळशीबागेत कानातल्यांच्या दुकानासमोर फोन धरला, अर्धं वाक्य झालं नाही तोवर एक काकू फ्रेममध्ये येऊन "कुठल्या चॅनलचं गं?", मागे दोन पोरं हात हलवतायत आणि दुकानदार म्हणतो ताई, गिऱ्हाईक अडतंय. ह्या दाव्यासाठी जो प्रयोग सांगतात ना, कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ गिलोविचचा, 2000 साली आलेला, त्यात एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो ह्या गायकाचा टीशर्ट घालून, म्हणजे त्या वयात लाजच वाटेल असा, बाकीचे विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलेलं. त्यांना वाटलं निम्म्यांच्या तरी लक्षात येईल, आलं साधारण पाव लोकांच्या. म्हणजे पाव लोकांनी बघितलंच की! आणि ते बिचारे काही सेल्फी स्टिक धरून एकटे बडबडत नव्हते.

'मी शांत आहे' हे तर उलटंच. छातीत धडधडत असताना शरीर थोडंच ऐकतंय? हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्सने 2014 मध्ये दाखवलंय की भाषणाआधी "मी एक्सायटेड आहे" म्हणणाऱ्यांचं भाषण "शांत आहे" वाल्यांपेक्षा चांगलं झालं.

21 दिवसांचं मूळ एका प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या निरीक्षणात आहे, पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात एवढंच. कॅमेऱ्याचा संबंध नाही.

आणि थेट गर्दीत कशाला? मी तुळशीबागेनंतर महिनाभर फोन बाहेर काढलाच नाही. मग रविवारी सकाळी 7 ला लक्ष्मी रोडला जायला लागले, शटर बंद, फक्त दूधवाले, आणि आधी नुसता फोन कानाला लावून स्क्रिप्ट बोलायची, रेकॉर्डिंग नाही काही नाही, लोकांना वाटतं कॉलवर आहे. मग कॉलरला माईक, म्हणजे ओरडावं लागत नाही, निम्मी लाज तर स्वतःच्या मोठ्या आवाजाचीच असते. (शनिवारवाड्यात ट्रायपॉड नेऊ नका, परवानगी लागते, गार्डने सगळ्यांदेखत हटकलं की पुन्हा पहिल्यापासून.)

परवा परत तुळशीबागेत गेले. दुसऱ्या एक काकू, तोच प्रश्न. म्हटलं माझंच चॅनल आहे, येताय का? तर म्हणाल्या, थांब, पदर नीट करते.