मुतखड्यावर कोणते संशोधन व्हावे, हे रुग्णांनाही विचारा

मुतखड्यावर पुढचे संशोधन कशाचे व्हावे, हे ठरवताना खडा झालेल्या माणसाला बैठकीत बरोबरीची जागा मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या लेसरने खडा लवकर फुटतो, कोणत्या दुर्बिणीने तो पूर्ण निघतो, यावर भरपूर काम झाले आणि ते आवश्यकही होते. मात्र शस्त्रक्रियेनंतर ज्याच्या मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती राहावी म्हणून घातलेली तात्पुरती बारीक नळी, ठेवलेला असतो, त्याची विवंचना वेगळी असते. माझा खडा निघाला, म्हणजे कागदोपत्री उपचार यशस्वी झाला. पण नंतर लघवी करताना कंबरेत उठणारी कळ, जरा चालले की लाल होणारी लघवी आणि रात्रभराच्या खेपा यांनी मला खड्याहून अधिक छळले. हा स्टेंट कोणाला टाळता येईल आणि तो सुसह्य कसा करता येईल, हे प्रश्न मी यादीत सर्वांत वर लिहीन.

ब्रिटनमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्सने यासाठी एक पद्धत रुळवली आहे. एखाद्या आजाराचे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक आणि डॉक्टर-परिचारिका आपापले प्रश्न पाठवतात. ज्यांची उत्तरे आधीच मिळालेली आहेत ते प्रश्न पुरावे तपासून वगळले जातात, आणि उरलेल्यांतून सर्वजण एकत्र बसून पहिले दहा निवडतात.

यातली मधली चाळणी मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यातून संशोधनाचे विषय मिळतात, तशा रुग्णांपर्यंत न पोहोचलेल्या उत्तरांच्याही जागा कळतात. खडा झाला की आपल्याकडे घरचे आधी दूध बंद करतात, कारण त्यात कॅल्शियम असते. इटलीतील पार्मा येथे वारंवार कॅल्शियमचे खडे होणाऱ्या आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्येच प्रसिद्ध झाले. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, तर कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना.

पाण्याचेही तसेच. भरपूर पाणी प्यायल्याने खडा पुन्हा होण्याचे प्रमाण घटते, हे त्याच शहरातील १९९६ च्या अभ्यासात दिसले होते. पण उसाच्या फडात भर उन्हात राबणाऱ्या आणि आडोसा नाही म्हणून संध्याकाळपर्यंत पाणीच टाळणाऱ्या बाईला 'रोज तीन लिटर पाणी प्या' असे सांगून काय उपयोग? तिला जमेल असा उपाय कोणता, हा माझ्या दृष्टीने पहिल्या दहांत येण्याजोगा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो तिला विचारल्याशिवाय नीट मांडताही येणार नाही. तीच गोष्ट बुडणाऱ्या रोजंदारीची आणि कुळथाच्या कढणाची. घरोघरी ते विश्वासाने घेतले जाते, तर त्याची रीतसर चाचणी व्हावी, असे रुग्णांना वाटणारच.

सामान्य माणसाला विज्ञान काय कळणार, हा आक्षेप मला मान्य नाही. चाचणीची रचना आणि आकडेमोड तज्ज्ञांनीच करावी. कोणता त्रास आधी कमी व्हायला हवा, हे मात्र तो भोगणाराच सांगू शकतो. आपल्याकडे संशोधनाचे प्रस्ताव नैतिकदृष्ट्या तपासणाऱ्या एथिक्स कमिटीवर एक सामान्य व्यक्ती असावीच लागते, पण प्रस्ताव तिच्यापुढे येतो तोवर प्रश्न ठरून गेलेला असतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या युरॉलॉजी विभागांनी ओपीडीतल्या रुग्णांना, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्यांदा खडा झालेल्यांना, प्रस्ताव लिहिण्याआधी मराठीत विचारावे आणि त्यांच्या प्रवासाचा व बुडालेल्या रोजाचा खर्च संशोधनाच्या निधीतून द्यावा.