२५२०: चमत्कार कसला, लसावि तो!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून उगवतोच. या वेळी काकांनी टाकला. मजकूर साधारण असा: ‘२५२० ही जगातली एकमेव विचित्र संख्या. सम असो वा विषम, १ ते १० पैकी कशानेही तिला भाग जातो. जगभरच्या गणितज्ञांना जे जमलं नाही, ते रामानुजन यांनी शोधलं. रहस्य काय? आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०!’ वर कधीकधी ही संख्या पिरॅमिडमधल्या शिळेवर कोरलेली सापडल्याची फोडणी.

भाग जातो, हे खरं. गुणाकारही बरोबर. पुढचं मात्र सगळं गडबडीचं.

‘एकमेव’ म्हणाल, तर २५२०ची दुप्पट करा. ५०४०लाही १ ते १०ने भाग जातो. तिप्पट केलीत तर ७५६०, तिलाही जातो. एक लाखाच्या आत अशा ३९ संख्या आहेत आणि पुढे तर अंतच नाही. २५२० त्यांतली सगळ्यांत लहान, इतकंच.

‘गणितज्ञांना जमलं नाही’ हे वाचून मी सहावीतल्या भाचीला १ ते १०चा लसावि (लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे या सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढायला सांगितला. किराणाच्या बिलामागे तिने दोन मिनिटांत काढला. ८साठी तीन वेळा २, ९साठी दोन वेळा ३, मग एक ५ आणि एक ७. म्हणजे ८ × ९ × ५ × ७. “६ आणि १० नाही लिहिले?” मी मुद्दाम विचारलं. “ते आतच आहेत की, मामा.” खरंच आहे. १ ते ८पर्यंत ८४० पुरते, ९साठी त्याची तिप्पट करावी लागते आणि १० फुकटात मिळतो.

लसावि काढणं फार जुनं. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इ.स.पू. ३००च्या सुमारास त्याची रीत ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात मांडली. त्याच्याही आधी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात आपल्या आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबं ठरवली, कारण या संख्येचे १ ते १० असे सगळे भाग पडतात. आपल्याकडे नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, गणितज्ञ महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरला. त्याला ते ‘निरुद्ध’ म्हणत.

आता ७ × ३० × १२. दिवसांना दिवसांनीच गुणून काय मोजायचं, हे मेसेज सांगत नाही. मेख साधी आहे. ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ३६०ला १ ते १०पैकी फक्त ७ने भाग जात नाही. त्या ३६०ला ७ने गुणलं की काम झालं. ७ आठवड्यातला घ्या नाहीतर सप्तसुरांतला. शिवाय बारा चांद्रमासांचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं भरतं, म्हणून तर आपल्याला अधिक महिना घालावा लागतो. पिरॅमिडवाल्यांची तर आणखीच पंचाईत: प्राचीन इजिप्तचं वर्ष ३६० अधिक ५ दिवसांचं आणि आठवडा १० दिवसांचा! ७ आणायचा कुठून?

राहिले रामानुजन. त्यांचा या संख्येशी खरा संबंध आहे, आणि मला तो मेसेजपेक्षा कितीतरी भारी वाटतो. १९१५ साली त्यांनी एक मोठा शोधनिबंध छापला. विषय होता, आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. त्यांच्या यादीत २५२० आहे. तिचे विभाजक ४८, तर यादीत तिच्या आधी येणाऱ्या १६८०चे ४०. पण २५२० तिथे एकटी नाही, पुढे रांग लागलेली आहे. याच कामावर १९१६मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, “बरं, मग ११चं काय?” २५२०ला ११ने भाग जात नाही, काका. ११ने गुणा: २७७२०. त्यात १२ही फुकट.