दानपेटीची दुसरी किल्ली

वसईपासून सावंतवाडीपर्यंत किनाऱ्यावरच्या कॅथॉलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पैशाचा, जमिनीचा हिशेब फादरांकडे मागावा की मागू नये? काही म्हणतात, ज्याने अख्खं आयुष्य देवाला वाहिलं त्याच्याकडे पावत्या कसल्या मागता? तर काही म्हणतात, परदेशात बघा, सगळं कसं कागदावर असतं. इंग्लंडमध्ये राहून हे ऐकताना दोघांचंही अर्धंच पटतं.

परदेशाचा दाखला देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इथले बरेच नियम हात पोळल्यावर झालेले आहेत. बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या इथल्या राष्ट्रीय आयोगाने नोव्हेंबर 2020 मध्ये कॅथॉलिक चर्चवर अहवाल दिला. मुलांपेक्षा संस्थेची अब्रू जपली गेली, असा त्याचा ठपका होता. नोव्हेंबर 2024 मध्ये अँग्लिकन चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी अशाच एका जुन्या प्रकरणाच्या अहवालानंतर राजीनामा जाहीर केला. समित्या होत्या, अर्ज होते, तरी वरच्या माणसाला तोंडावर विचारायची सवय नव्हती. शिवाय इथे एकेका फादरांकडे दोन-तीन देवळं असतात. मयताच्या घरी येऊन घरच्यांसोबत बसणारे फादर आपल्याकडे अजून आहेत, आणि ही ठेव जपायला हवी.

पण आपल्याकडे फादरांची नम्रता वागण्यावरून मोजतात. स्कूटरवरून येतात, पंगतीत बसतात, गरिबाघरची पेज आणि सुकट आवडीने खातात. चांगलंच आहे. मात्र हा त्यांचा स्वभाव झाला. बदली झाली की तो त्यांच्याबरोबर जातो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी आठवा, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून होणारा. निवडलेली माणसं घरून पाय घासून येतात, चप्पल काढून उजवा पाय पुढे करतात, वर चार थेंब पाणी पडतं, टॉवेल ओला होतो न होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातले शिष्यांचे पाय रस्ता तुडवून आलेले होते, आणि पेत्र ते पुढे करायला तयार नव्हता. धर्मग्रामाची हिशेबाची वहीही तशीच, न घासता पुढे करायची असते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तर सरळ वाटपाच्या तक्रारीचा आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी कुणाला अश्रद्ध म्हटलं नाही. लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्या हाती सोपवलं. त्या सातांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांतलीच माणसं. मी नम्रता म्हणतो ती ही.

त्यासाठी लंडनचा कायदा आणायची गरज नाही. कॅथॉलिक चर्चच्या 1983 च्या कायद्यातल्या 537 व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असलीच पाहिजे. 1267 वं कलम सांगतं की ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते लागावं. छपराचे पैसे सणाच्या रोषणाईला नाहीत. 1287 व्या कलमात भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना देणं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये संपलेल्या सिनडच्या, म्हणजे रोममधल्या चर्चसभेच्या, अंतिम दस्तऐवजाने वार्षिक हिशेब प्रसिद्ध करावा, जमेल तिथे बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घ्यावा, असंही म्हटलं आहे.

बिघडतं ते मोजणीच्या टेबलावर. पेटीला दोन कुलपं हवीत आणि किल्ल्या दोन घरांत. मोजायला निदान दोघं, एकमेकांचे नातेवाईक नसलेले, आणि जोड्या दर महिन्याला बदलणाऱ्या. नोटा किती, नाणी किती हे पत्रकावर लिहून दोघांच्या सह्या, पिशवीला सील, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. पत्रक आणि पासबुक जुळवायला तिसरा माणूस. सर्वांत जास्त घोळ होतो सणाच्या दिवशी. मंडपवाला दारात उभा असतो, म्हणून न मोजलेल्या रोकडीतूनच त्याला पैसे देतात. कुणी खिशात काही घातलेलं नसतं, पण जमाही लिहिली जात नाही आणि खर्चही. पुढच्या वर्षी आकडे जुळत नाहीत आणि एखाद्या भल्या माणसावर संशयाचं बोट उठतं. वहीचा पहिला फायदा फादरांनाच आहे, हे मला कळकळीने सांगायचं आहे.

जमिनीचं प्रकरण याहून नाजूक. महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या 36 व्या कलमाप्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही लागते. असा अर्ज करण्याआधी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि कारण देवळाच्या फलकावर लागलं, तर निम्म्या अफवा जागीच विरतील.

सभेत उभं राहून विचारणं आपल्याला नवीन थोडंच आहे! वसईच्या ख्रिस्ती लोकांनी 1918 मध्ये बॅसीन कॅथॉलिक बँक उभी केली. तिच्या वार्षिक सभेत सभासद ताळेबंदावर बोट ठेवून प्रश्न विचारतो, आणि त्याने संचालकांचा अपमान केला असं कुणी म्हणत नाही. तोच माणूस रविवारी मिस्सा (उपासना) संपल्यावर देवळाच्या वीजबिलाविषयीसुद्धा गप्प राहतो.

इंग्लंडमधल्या अँग्लिकन पॅरिशला वार्षिक सभा 31 मेच्या आत घ्यावी लागते आणि हिशेब आधी निदान सात दिवस लोकांसमोर ठेवावे लागतात. एवढं मात्र जसंच्या तसं उचलावं. आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि मे महिन्यात मुंबईचे, आखातातले सगळे गावी आलेले असतात. मेच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, देवळाच्याच हॉलमध्ये सभा ठेवावी. हिशेब मराठीत, एका पानावर, आठवडाभर आधी दारावर लावावा. अर्थ समितीने वाचून दाखवावा, लोकांनी विचारावं, आणि फादरांनी सर्वांत शेवटी बोलावं.