गरम गाडी बंद करायचीच कशाला?

तुमच्या दारात एमएच १० म्हणजे सांगली पासिंगची जुनी डिझेल गाडी उभी आहे आणि ती गरम झाल्यावर सुरू होत नाही, ही पूर्वजन्मीची पुण्याई समजा. सकाळी सेल्फ, म्हणजे स्टार्टरची मोटर, अर्धवट फिरला तरी घेते. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती घेऊन पुण्याला जाते, येताना खंबाटकीचा घाट चढते, सुरूर फाट्यावर तुम्ही चहाला थांबता आणि अर्ध्या तासानं किल्ली फिरवली की घेत नाही. दोन-तीन तास निवली की पुन्हा शहाणी. गॅरेजला लावावी तर सकाळची वेळ. मिस्त्री किल्ली मारतो, गाडी घेते, मग मिस्त्री गाडीकडं न बघता तुमच्याकडं बघतो. असा दोष नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो. कसा सांभाळायचा, तेवढं इथं सांगतो.

सगळ्यात आधी तोंडाला कुलूप. ‘गरम झाल्यावर स्टार्ट होईना’ यापलीकडं मिस्त्रीला एक अक्षर सांगू नका. सेल्फ रडत रडत फिरतोय, की सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, हा फरक तर अजिबात नाही. हा एक प्रश्न कुणी विचारला की अर्धं काम तिथंच उरकतं. मग फाट्यावर जमलेल्या मंडळींनी बोलायचं काय?

समजा, सेल्फ रडतोय. नवी बॅटरी घ्या. तरी रडला तर आणखी मोठी घ्या. काही शे रुपयांचा मीटर मात्र चुकूनही घेऊ नका. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरायचं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंगची केबल कुजलीय किंवा जोड ढिला आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. मग जोड घासून, नट आवळून प्रकरण मिटेल आणि नव्या बॅटरीची हौस राहून जाईल. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, बुश झिजल्यानं आर्मेचर, म्हणजे सेल्फच्या आतला फिरता भाग, घासायला लागतं, म्हणून थंडपणी कसाबसा निभावलेला सेल्फ गरमपणी उघडा पडतो. हे शाळेच्या पुस्तकातलं ज्ञान आहे, ते शाळेतच राहू द्या.

पण खरी मजा सेल्फ ठणठणीत फिरत असेल तर. मग कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं सांगणार, ‘मालक, बोअर संपलंय. इंजिन खोलावं लागतंय.’ म्हणजे रिंगा-पिस्टन आणि सिलिंडर झिजलेत. लगेच मान डोलवा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा सोळा-सतरा पट दाबून जी तापते तिच्यावरच डिझेल पेटतं, आणि थंड लोखंड ती उष्णता आधी पिऊन टाकतं, असले विचार मनात आणू नका. कारण ते आणले की पुढचंही सुचेल: रिंगा-पिस्टन खरंच गेले असते तर गाडीनं पहाटे छळलं असतं, दुपारी नाही. आणि तुमची गाडी तर पौषातल्या थंडीतही पहिल्या सेल्फात घेते. इंजिन रोज सकाळी ओरडून सांगतंय की माझ्यात काही नाही. पण इंजिनचं ऐकून कुणी इंजिन खोलतं का?

डिझेलच्या लाइनीत हवा धरतेय, हेही एक लाडकं निदान. तेव्हा हातपंप मारून अंगठा सोलून घ्या. हवा धरायचीच असती तर बारा तास उभ्या गाडीत निवांत धरली असती, हा मुद्दा काढणाऱ्याला चहा पाजू नका.

आता पंपाविषयी. हा भाग वाचला नाहीत तरी चालेल, किंबहुना वाचूच नका. इंजेक्शन पंप डिझेल दाबून नोझलमधून इंजिनात फवारतो. त्यातला प्लंजर (दांडा) आणि बॅरल (तो सरकतो ती नळी) यांच्यातली फट नवी असताना जेमतेम २ ते ४ मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. लाखो किलोमीटरनंतर ती फट वाढते. थंड डिझेल जरा दाट असतं, ते वाढलेल्या फटीतूनही फारसं निसटत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि निसटतं, मग नोझलपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. आणि इंजिन बंद केल्यावर पंप लगेच निवत नाही, उलट तापतो: पंखा थांबला, पाणी फिरायचं थांबलं, ब्लॉकमधली सगळी ऊब बाहेर पडायला वाट शोधते. म्हणून टपरीवर गाडी बंद करून लगेच किल्ली मारली तर घेते आणि चहा, भजी, परत चहा झाल्यावर घेत नाही. भज्यांना दोष देण्याची सोय इथंच आहे.

त्यात सेल्फ इंजिनला मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे देतो, आयडलला इंजिन पाचशे-सहाशेनं फिरतं. फेरे जितके सावकाश, तितका डिझेलला त्या फटीतून पळायला वेळ जास्त. म्हणूनच एकदा सुरू झालेली गाडी घाटात बैलासारखी ओढते आणि धक्क्यावरही चटकन घेते. धक्का मारणाऱ्या दहा जणांना ही गोष्ट सांगायची नाही. त्यांना वाटू द्या की ताकदीनं झालं.

जुने ड्रायव्हर एक उद्योग करतात, त्यांच्यापासून लांबच राहा. ते पंपावर ओलं बारदान टाकतात, दहा-पंधरा मिनिटं गप्प बसतात आणि मग सेल्फ मारतात. गाडीनं घेतलं की संशय पंपाच्या एलिमेंटवर (तीच प्लंजर-बॅरलची जोडी), इंजिन खोलायचं कारण नाही. बारदान टाकण्याआधी ते नोझलच्या पाइपाचा नट थोडा ढिला करून डिझेल येतंय का बघतात, हात मात्र लांब ठेवून. सायलेन्सरकडंही डोकावतात, कारण सेल्फ मारताना पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, धूरच नसेल तर पोचत नाही. पंधरा मिनिटांत, एका बारदानावर निदान. अशानं गॅरेजवाल्यांची पोरं शिकायची कशी? बादलीभर गार पाणी तापलेल्या पंपावर एकदम ओतणारे त्यापेक्षा बरे. प्लंजर जाम होतो आणि त्यांना निदान एक नवा दोष तरी मिळतो.

एवढं होऊनही पंप काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला, न्यायचा नसेल, तर एअर क्लीनरला पेट्रोलचं फडकं लावा किंवा स्टार्टिंग स्प्रे मारा. गरम इंजिनात ते वेळेआधीच पेटतं आणि रिंगा-पिस्टनला हाणतं. महिनाभर रोज मारा. मग मिस्त्रीनं आधी सांगितलेलं ‘बोअर संपलंय’ खरं ठरेल आणि त्याचा मानही राहील.

उतारावर गाडी लावण्याची कलाही जोपासा. साताऱ्याच्या माणसाला हे सोपं आहे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारच उतार. सांगलीकरांचे मात्र हाल, कृष्णाकाठची सपाटी उतार कुठून आणणार? त्यांनी मग इंजिन बंदच करू नये. जेवण, डुलकी, हिशोब, सगळं घरघर चालू ठेवून. तासाला लिटर-दीड लिटर जाईल, वर्षाअखेर त्यात पंपाचं काम दोनदा झालं असतं, पण बेरीज करायला पाटी-पेन्सिल कुणाकडं असते? उतारवाल्यांनी एक करावं, चाकाला धोंडा लावल्यावर गाडीच्या पुढं झोपू नये. धोंड्याचा काय भरवसा?

आणि कंटाळलात तर गाडी विका. गिऱ्हाइकाला सकाळी सहाला बोलवा, बोनेटला हात लावून बघू द्या, गार आहे म्हणून खूश होईल. अर्ध्या सेल्फात घेतली की सोडून द्यायची ट्रायलला, मात्र स्टेअरिंगवर तुमचा माणूस आणि परत येईपर्यंत इंजिन चालू. एखादा म्हणेल, ‘पेठ नाक्यापर्यंत जाऊन येऊ, मग बंद करून अर्धा तास इथंच बसू.’ त्याला सांगा, गाडी कालच गेली.