विषय सोडण्याआधी उत्तरपत्रिका पाहा

हिवाळी सत्राचे निकाल लागले की आमच्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. गणित राहिले, आता तो विषय सोडून द्यावा का? यंदा हा प्रश्न माझ्या पुतणीपुढे आहे. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते. थोरला भाऊ "काय करानं आते?" एवढेच विचारतो, वहिनीला वाटते की पोरीचा जीव मेटाकुटीला आणण्यापेक्षा दुसरा विषय घेतलेला बरा, आणि आमचे नाना म्हणतात की एकदा घेतलेला विषय सोडायचा नाही. या सगळ्यांची कळकळ मला समजते. तरीही विषय ठेवायचा की सोडायचा हे गुणपत्रिकेवरून ठरवूच नये, उत्तरपत्रिकेवरून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

गुणपत्रिकेवरून गुण किती कमी पडले ते कळते, कशामुळे कमी पडले ते कळत नाही. निकालानंतर ठरावीक मुदतीत शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ही मुदत फार नसते आणि घरोघरी ती रडण्यात व समजूत घालण्यातच निघून जाते. पुतणीची छायाप्रत आली तेव्हा आम्ही ती ओट्यावर बसून पानापानाने वाचली. मॅट्रिक्सवरच्या कॅली-हॅमिल्टन प्रमेयाच्या उदाहरणात तिने कॅरेक्टरिस्टिक इक्वेशन अचूक काढले होते, पण पुढे मॅट्रिक्सचा वर्ग करताना एक ऋण चिन्ह सुटले आणि तिथून सगळे उत्तर बिघडले. लिमिटची उदाहरणे बहुतेक बरोबर होती. मात्र जिथे जिथे ‘सिद्ध करा’ असे विचारले होते, तिथे पान कोरे होते. रोलच्या प्रमेयाचे नुसते विधान लिहायचे होते, त्यातही सातत्याची पहिली अट लिहून ती थांबली होती. विकलनीयतेची अट आणि दोन्ही टोकांना फलनाची किंमत समान असण्याची अट राहून गेली होती.

ही उत्तरपत्रिका गणित न येणाऱ्या मुलीची नाही. बारावीपर्यंत आपल्या मुलांचा सराव सूत्र वापरून उत्तर काढण्याचा असतो, सिद्धता ओळीने लिहून काढण्याचा नसतो, आणि पदवीच्या पहिल्याच सत्रात एकदम तीच अपेक्षा केली जाते. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. मजूर मिळेनासे झाले की शिकणारी पोरेही शेतात उतरतात आणि नेमके तेव्हाच वर्गात महत्त्वाचे काही शिकवून होते. चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) विषयाला ६० तासांचे अध्यापन धरलेले असते; त्यातले दोन-तीन आठवडे बुडाले तर ते शेवटच्या रात्री गाईड वाचून भरून निघत नाहीत. असे कारण असेल तर विषय बदलून काय साधणार? पुढच्या वर्षीही कापूस त्याच दिवसांत फुटणार आहे.

विषय सोडणे कार्यालयाच्या खिडकीवर वाटते तितके सोपेही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य, दुय्यम आणि खुला ऐच्छिक अशी विभागणी आहे. खुला ऐच्छिक विषय बदलण्याने फारसे बिघडत नाही, पण मुख्य विषय सोडणे म्हणजे अभ्यासक्रमाची दिशाच बदलणे. शिवाय राहिलेल्या पेपरचे श्रेयांक आपोआप मिळत नाहीत. तीन वर्षांच्या पदवीसाठी लागणाऱ्या १२० ते १३२ श्रेयांकांत ती जागा कशाने तरी भरावीच लागते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती घेणाऱ्याने तर अभ्यासक्रम बदलण्याआधी पुढच्या नूतनीकरणावर काय परिणाम होईल, हे महाविद्यालयात विचारूनच घ्यावे.

तरीही विषय सोडणे म्हणजे पळ काढणे, असे मी मुळीच मानत नाही. शेजारच्या वर्गमित्राने घेतला म्हणून गणित घेतलेला, पण मन वनस्पतिशास्त्रात रमणारा आणि केळीच्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा असलेला मुलगा आपल्या जिल्ह्यात विरळा नाही. त्याने गणित सोडले तर मी त्याला शाबासकीच देईन. राज्यसेवेला किंवा बँकेच्या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा त्या वाटेने जाणाऱ्याने केवळ प्रतिष्ठेसाठी गणिताचे ओझे वाहण्याचे कारण नाही. पण जिला पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे, तिला आज सोडलेले गणित उद्या क्वांटम मेकॅनिक्सच्या पुस्तकात पुन्हा भेटणारच आहे, आणि माझ्या पुतणीला तेच करायचे आहे.

अंतिम निर्णय तिचा आहे आणि तो तिने अजून घेतलेला नाही. पुढच्या परीक्षेच्या अर्जात राहिलेला पेपर भरायचा, एवढे मात्र नक्की झाले आहे. सध्या ती रोज संध्याकाळी एक सिद्धता पुस्तक मिटून लिहून काढते आणि दुसऱ्या दिवशी सरांकडून तपासून घेते. त्या पेपरचीही छायाप्रत आम्ही मागवणार आहोत, मग ती पास झालेली असो वा नसो.